हात कुणाचा

बोकडाचे डोळे सकाळी सातला मिळायचे. हॉस्पिटलमागच्या गल्लीतला खाटीक ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि ते आणायचं काम जेआर वनचं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं. मी स्टीलच्या डब्यात बर्फ घालून जायची. डोळे ताजेच लागतात. दुपारपर्यंत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, ढगाळतो आणि आतलं काही दिसेनासं होतं. थर्माकोलच्या तुकड्यात खळगा करून त्यात डोळा टाचण्यांनी बसवायचा, विभागातला सगळ्यात जुना मायक्रोस्कोप ओढून घ्यायचा आणि ओपीडी सुरू होईपर्यंत जमेल तेवढा हात चालवायचा.

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी नेत्ररोगात एम.एस.ला लागले, तेव्हा वाटलं होतं की हे नजरेचं शिक्षण असणार. पहिल्याच महिन्यात कळलं की सुरुवात पायापासून आहे. मायक्रोस्कोपचा फोकस पायाखालच्या पेडलवर असतो. नजर वर भिंगात, दोन्ही हात खाली, आणि स्वतःच्या हातांकडे बघायची सोय नाही. डोळा पुढून मागे मोजला तर साधारण २४ मिलिमीटर. कॉर्निया मध्यभागी अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या मागे, लेन्सच्या पुढे, काम करायला जी जागा मिळते तिची खोली ३ मिलिमीटरच्या आसपास. त्या जागेत सुई नेताना श्वाससुद्धा मोठा वाटतो.

लेन्स एका पारदर्शक पिशवीत असते. तिला कॅप्सूल म्हणतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये पिशवीचा पुढचा भाग गोल कापून काढायचा, आतली गढूळ लेन्स बाहेर घ्यायची, आणि मागची बाजू जशीच्या तशी ठेवून त्याच पिशवीत नवं भिंग बसवायचं. सगळं ऑपरेशन त्या मागच्या बाजूच्या जिवावर उभं असतं. ती मध्यभागी ४ मायक्रॉनच्या आसपास असते, रक्तातल्या तांबड्या पेशीच्या व्यासापेक्षाही पातळ. आमचे सर रोज सांगायचे, "बोकडाची कॅप्सूल चिवट असते, तिच्यावर विसंबू नका. माणसाची तशी नसते." मी मान हलवायची. थर्माकोलवरचा डोळा खोकत नाही, पाणी मागत नाही, आपल्याशी बोलत नाही. त्याच्यावर चुकलं की दुसरा डोळा डब्यात असतो.

नऊ वाजता ओपीडी. सोमवारी, बाजाराच्या दिवशी, रांग जिन्यापर्यंत जायची. पहिलं वर्ष बरंचसं त्या रांगेतच गेलं. नजर तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, अश्रुनलिकेतून पाणी घालून ती मोकळी आहे का बघणं. वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी 'ई'चा तक्ता असतो. त्या अक्षराचे तीन पाय कुठल्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचं. सहा मीटरवरून सगळ्यात वरचं अक्षरही दिसलं नाही तर बोटं मोजायला लावायची. बोटं दिसली नाहीत तर हात हलवायचा. हात दिसला नाही तर बॅटरी लावून विचारायचं, उजेड कुठून येतोय?

माणसं आपापले शब्द घेऊन यायची. कुणाला वडस, म्हणजे बुबुळावर चढणारं मांस, वाढलेला, कुणाच्या डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेलं, कुणाला रांजणवाडी, कुणाची चाळिशी फुटलेली. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण मी त्या शब्दांना जोडत गेले आणि अजूनही मला वडस म्हटल्यावर जे चटकन दिसतं ते त्याच्या लॅटिन नावाने दिसत नाही. एक वाक्य मात्र मला आजही सहन होत नाही: "मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू." जुन्या पद्धतीत पिकलेला मोतीबिंदू काढायला सोपा जायचा, म्हणून कधीकाळी तो सल्ला निघाला. पद्धत केव्हाच बदलली, सल्ला गावोगाव राहिला. त्या सल्ल्यावर विसंबून माणसं इतकी थांबतात की लेन्स आतल्या आत फुगते किंवा विरघळायला लागते, डोळ्याचा दाब चढतो आणि ती रात्री दीड वाजता डोकं धरून, उलट्या करत कॅज्युअल्टीत येतात. तोवर नस गेलेली असते. २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वात सुमारे ६६ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. हे बरं होणारं अंधत्व आहे. ते तसंच ठेवून माणसं वर्षानुवर्षं उंबऱ्यावर बसून राहतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीचे रुग्ण यायला लागायचे. बीडकडची जोडपी, ज्यांना कारखान्यावर 'कोयता' म्हणून मोजतात, फडात असताना त्यांच्या डोळ्याला पाचटाचं पान लागतं. पानाची कड करवतीसारखी असते. खरचटतं थोडंच, पण त्या खरचटण्यातून बुरशी आत शिरते. पहिल्या दिवशी कुणी येत नाही, कारण खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मेडिकलच्या दुकानातून थेंब आणले जातात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. दहाव्या-बाराव्या दिवशी कॉर्नियावर राखाडी पांढरा व्रण घेऊन माणूस दारात उभा राहतो.

असा एकजण माझ्या पहिल्या डिसेंबरात आला. तिशीचा असेल. मी व्रणाची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले. पुस्तकातलं चित्र समोर जिवंत बघून मला आनंद झाला होता. तो आनंद मी कधी विसरले नाही, कारण त्याच क्षणी मागे स्टुलावर तो माणूस डोळ्याला रुमाल लावून बसला होता. बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा. मी ड्यूटीला असले की स्वतः जाऊन टाकायची. तिसऱ्या रात्री त्यानं विचारलं, "डोळा येईल ना, मॅडम?" मी म्हटलं, "येईल." मला माहीत नव्हतं. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि थोडं मलाही बरं वाटावं म्हणून. डोळा वाचला, पण बरोबर मध्यभागी दाट फूल राहिलं. घरी सोडायच्या दिवशी त्यानं एक डोळा झाकून माझ्याकडे बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं, आणि काहीच बोलला नाही. मी कॉर्निया बदलण्याबद्दल, नेत्रपेढीच्या यादीबद्दल सांगत होते. त्याची बायको बाहेर गाठोडं घेऊन उभी होती. फड सोडून आठवडे झाले होते.

आम्हाला तीन वर्षांत शेकडो गोष्टी शिकवल्या गेल्या. बोलायचं कसं, याचा तास कधी झाला नाही.

ऑपरेशन आम्ही शेवटून सुरुवातीकडे शिकलो. आधी शेवटची पायरी, मग तिच्या आधीची. त्यामुळे चुकलं तरी सगळं बिघडत नाही आणि शेवट कसा दिसायला हवा हे आधीच डोळ्यात बसलेलं असतं. विभागात फेको मशीन, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडणारं यंत्र, एकच होतं, ते वरिष्ठांकडे. आम्ही शिकलो ती टाके न घालता हातानं करायची पद्धत: पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा, त्यातून आत. पिकून तपकिरी झालेला, दगडासारखा मोतीबिंदू या पद्धतीनं उत्तम निघतो, आणि आमच्याकडे तसेच जास्त यायचे.

पहिल्यांदा पिशवीत भिंग सरकवून ते फिरवलं आणि ते आपसूक जागेवर बसलं, तेव्हा मला आजोबा आठवले. त्यांचं ऑपरेशन १९८३ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत भरलेल्या शिबिरात झालं होतं. त्या वेळी लेन्स पिशवीसकट काढून टाकायचे आणि आत काही बसवायचे नाहीत. मग जन्मभर दहा नंबरचा जाड चष्मा. त्यातून सगळं पाव पटीनं मोठं आणि जवळ दिसतं. आजोबा तांब्या धरायला जायचे आणि हात अलीकडेच मिटायचा. कडेनं येणारं माणूस त्यांना दिसायचंच नाही, मग एकदम समोर उगवायचं. चष्मा फुटला तेव्हा तालुक्याहून दुसरा येईपर्यंत अकरा दिवस ते पुन्हा आंधळे होते. डोळ्यात भिंग बसवायची कल्पना तेव्हा नवी नव्हती. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते पहिल्यांदा करून बघितलं होतं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, कण शिरले तरी डोळा ते सहन करतो हे त्यांनी पाहिलं होतं. आणि मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी दुसरी लेन्स का नाही ठेवत, असं त्यांना एका विद्यार्थ्यानं विचारलं, असं सांगतात. पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच व्यवसायातल्या मोठ्या माणसांनी त्यांना विरोध केला. आमच्या शाळेपर्यंत ते भिंग पोचायला त्याहून जास्त वर्षं लागली. मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं इथेच स्वस्तात बनवायला घेतली, तेव्हा कुठे गरिबाच्या डोळ्यात भिंग जाऊ लागलं.

त्याच अरविंदचे संस्थापक डॉ. वेंकटस्वामी यांची गोष्ट सरांनी मला एका वाईट दिवशी सांगितली. माझा उजवा हात कापत होता. मायक्रोस्कोपखाली कंप लपत नाही, सुईचं टोक पानासारखं हलतं. वेंकटस्वामींच्या हाताची बोटं तरुणपणीच संधिवातानं वाकडी झाली होती. त्यांनी त्या बोटांत बसतील अशी हत्यारं घडवून घेतली आणि आयुष्यात एक लाखाहून जास्त ऑपरेशनं केली. वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होऊन १९७६ मध्ये ११ खाटांवर हॉस्पिटल सुरू केलं. "तुझी बोटं तर सरळ आहेत," सर म्हणाले, "करंगळी रुग्णाच्या कपाळावर टेकव, खांदे सोड, आणि उद्यापासून नाश्ता करून ये." नाश्ता केल्यावर कंप खरंच निम्मा झाला.

त्या आजी दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत आल्या. शिबिराच्या बसमधून, नातवाबरोबर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. आदल्या संध्याकाळी त्यांचं संमतीपत्र मीच भरून घेतलं. त्यात एक ओळ असते की हे शिक्षण देणारं रुग्णालय आहे. ती मी वाचून दाखवली नाही. अंगठा घेतला, शाई पुसायला कापूस दिला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा माहीत नसते. आमचा रुग्ण जागा असतो. डोळ्याच्या कडेनं सुई देऊन आम्ही डोळा बधिर करतो. कान बधिर होत नाहीत. तोंडावर हिरवं कापड, त्याच्या आत माणूस श्वास घेत पडलेला असतो, आणि हत्याराचा आवाज, सिस्टरचं बोलणं, खुर्ची सरकणं, सगळं ऐकत असतो. म्हणून थिएटरमध्ये "अरे", "फाटलं", "गेलं" असे शब्द निघत नाहीत. सरांचा एकच शब्दप्रयोग होता: "बघू जरा." तो ऐकला की मुकाट्यानं उठायचं.

आजींचं ऑपरेशन छान चाललं होतं. बोगदा नीट झाला, लेन्सचा कडक गाभा अखंड बाहेर आला. उरलेला मऊ भाग बारीक नळीनं ओढून घ्यायचा होता. लेन्सचा घेर घड्याळ मानला तर दोन तासांएवढा राहिला असताना नळीच्या तोंडाशी कॅप्सूल अडकली. ती अडकली की तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. त्या दिसल्या की ओढायचं थांबवून पाणी उलट सोडायचं, ती सुटते. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. मी रेषा बघितल्या. त्या सुंदर दिसतात. आणि हात ओढतच राहिला, अर्धा सेकंद. बाहुली एकदम मोठी झाली, समोरची जागा खोल गेली, आणि मध्यभागी एक काळंभोर, स्वच्छ भोक दिसलं.

"बघू जरा," सर म्हणाले.

त्यांनी पुढे आलेलं विट्रियस, म्हणजे डोळ्यातली जेली, साफ केलं, कडेची शिल्लक कॅप्सूल तपासली आणि भिंग पिशवीच्या पुढ्यात टेकवून बसवलं. वीस मिनिटं लागली. मी बाजूला उभी राहून कॉर्नियावर पाणी टाकत होते आणि कापडाखालचा श्वास ऐकत होते. तो संथ होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी मी काढली. कॉर्निया थोडा सुजलेला, पण दोन मीटरवरून बोटं मोजता आली. आजी म्हणाल्या, "बरं दिसतंय." मग हात पुढे करून त्यांनी माझा हात धरला, थोडा चाचपला. "काल मधीच हात बदलला व्हता ना?"

मी गप्प.

"पैला हात गार व्हता. कपाळाला लागायचा. दुसरा गरम व्हता." त्यांनी माझा हात सोडला नव्हता. "ह्यो पैला हाय."

तेव्हा मी सांगितलं. मी शिकतेय, लेन्सच्या मागची पिशवी माझ्या हातून फाटली, सरांनी ते सावरलं, नजर येईल पण थोडा वेळ लागेल आणि डोळ्यामागच्या पडद्याच्या तपासणीला पुन्हा पुन्हा यावं लागेल. नातू उठून उभा राहिला होता. शेजारच्या खाटेवरचे आजोबा ऐकत होते. मावशी झाडू हातात धरून थांबल्या होत्या.

आजी रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "मंग आधी सांगायचं व्हतं की, बाई."

एवढंच. नातू मात्र संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन खूप बोलला आणि त्याचं बोलणं बरोबर होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फाटण्याबद्दल मी स्वतःला हळूहळू माफ करू शकले असते. प्रत्येक सर्जनच्या हातून ती कधी ना कधी फाटते आणि जो नाही म्हणतो त्यानं ऑपरेशनं केलेली नसतात. पण ती ओळ मी का वाचली नाही, याचं उत्तर मला माहीत होतं. आजी 'नको' म्हणतील, अशी भीती होती. ज्याच्याकडे पैसे आहेत तो शहरात जाऊन बसलेला हात विकत घेतो. तो हात बसला कुठे? आमच्यासारख्या वॉर्डात, शिबिराच्या बसमधून आलेल्या डोळ्यांवर. हे असंच चालत आलंय आणि कुठेतरी शिकावं लागणारच, हेही खरं. निदान ज्याचा डोळा आहे त्याला ते ठाऊक असावं.

मी सरांना विचारलं, यापुढे प्रत्येकाला सांगू का? भांडणं होतील, असं ते म्हणतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ केस पेपरवर सही करत राहिले. मग म्हणाले, "सांग. पण टेबलावर घेतल्यावर नको. आदल्या संध्याकाळी वॉर्डात सांग, म्हणजे नाही म्हणायला त्यांना एक रात्र मिळेल."

मग सांगायला लागले. "मी शिकतेय. इतकी ऑपरेशनं केलीत. सर शेजारीच बसतात. तुम्हाला नको असेल तर सर करतील, त्यासाठी तुमचा नंबर मागे जाणार नाही." पहिल्या वीस जणांत तिघं नको म्हणाले. एका बाईनं विचारलं, "किती जणांची फाटली?" मी आकडा सांगितला. त्यांनी विचार केला आणि हो म्हटलं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मग करा, पण काय करताय ते मला सांगत सांगत करा." त्यांचं ऑपरेशन मी हळू आवाजात धडा वाचावा तसं बोलत केलं. बोलत राहिलं की माझा हात स्थिर राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. प्रबंध, परीक्षा, लॉगबुक हे सगळं यथावकाश झालं. त्यातलं फारसं आठवत नाही.

आजी तपासणीला येत राहिल्या. सहा आठवड्यांनी चष्म्यासह ६/१२ दिसू लागलं, म्हणजे चांगल्या नजरेला बारा मीटरवरून दिसणारं अक्षर सहा मीटरवरून. तांदूळ निवडता येतात, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी दर वेळी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत बघायची आणि दर वेळी तो जागेवर आहे हे बघून मग श्वास सोडायची.

सप्टेंबरात त्या डाव्या डोळ्यासाठी भरती झाल्या. संध्याकाळी मी खाटेशी गेले आणि माझं ठरलेलं बोलणं सुरू केलं. तोवर माझी बरीच ऑपरेशनं झाली होती, हात बसला होता. मला मनापासून वाटत होतं की हा डोळा माझ्या हातून नीट व्हावा. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सरांनाच करू द्या," त्या म्हणाल्या.

"बरं, आजी."

सकाळी मी सरांच्या शेजारी असिस्ट करायला बसले. हिरवं कापड घातलं, मायक्रोस्कोप खाली आला. मी पाण्याची सिरिंज उचलली आणि कॉर्नियावर पहिला थेंब सोडला. कापडाखालून आवाज आला.

"आज हात कुणाचा?"

"सरांचा, आजी. पाणी मी टाकतेय."

"हां," आजी म्हणाल्या, आणि सरांनी बोगदा करायला घेतला.